रामहरींच्या हातातले हँडल

मित्रांनो, मी एक जुने हृदय-फुफ्फुस यंत्र आहे. माणसाचे हृदय थकले, श्वास पुरेनासा झाला, की मी त्याचे रक्त नळीने बाहेर घेते, त्यात प्राणवायू मिसळते आणि पुन्हा शरीरात सोडते. मी रोग बरा करत नाही. बरे व्हायला वेळ तेवढा मिळवून देते.

दहा वर्षे पुण्यात राबल्यावर मला बारामतीच्या एका रुग्णालयात पाठवले. तिथे बरेच महिने मी नुसतेच झाकून ठेवलेले होते. मला चालवणारा नागेश तेवढा रोज येऊन धूळ पुसायचा.

एका दुपारी कन्हेरीहून एकवीस वर्षांच्या संस्कृतीला आणले. गव्हाला कीड लागू नये म्हणून तिच्या वडिलांनी, रामहरींनी, बंद खोलीत विषारी गोळ्या ठेवल्या होत्या. घरात सांगायचे राहून गेले. ती खोली झाडायला गेली आणि गोळ्यांतून सुटलेल्या वायूने कोसळली. हृदय बंद पडत चालले होते. डॉक्टर सुप्रियांनी क्षणही न दवडता मला जोडले.

तिसऱ्या दिवशी वीज गेली. जनरेटर सुरू होईना, आणि माझी जुनी बॅटरी दोन मिनिटांत संपली. रक्त फिरते राहावे म्हणून नागेश माझे हँडल हाताने फिरवू लागला. पण दुसरी बॅटरी आणायलाही त्यालाच जायचे होते. डॉक्टर औषधे देत होत्या, परिचारिका फुगा दाबून श्वास देत होती. दाराशी रामहरी उभे होते.

“तात्या, या इकडं! हँडल धरा. वेग बरोबर असला की हे हिरवे दिवे लागतात, ते विझू द्यायचे नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या.

“माझ्याच हातानं झालंय हे समदं. आता ह्यालाबी हात लावू?”

“लावा. मी आहे ना शेजारी.”

अकरा मिनिटे ते फिरवत राहिले. घाम डोळ्यांत उतरला, तरी पुसला नाही. मोठमोठ्या तज्ज्ञांनी मला हाताळले आहे, पण इतका एकसारखा हात मी पाहिला नाही. बॅटरी जोडून झाली तरी ते सोडायला तयार नव्हते. नागेशने बोटे एकेक करून सोडवली.

सहाव्या दिवशी संस्कृतीचे हृदय आपल्या बळावर चालू लागले आणि मला बाजूला केले. तिने डोळे उघडले.

“तात्या, हात कशानं सुजला?”

“काय न्हाय गं. इंजान सुरू हुईना, हँडल मारलं.”

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांच्या बॅटऱ्या वेळेवर बदला. आणि धान्यात अशा गोळ्या ठेवल्या, तर दाराला कुलूप लावा, घरातल्या प्रत्येकाला सांगा. एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.