सवाराच्या दारावरची हलकी नाल

मित्रांनो, मी नाल आहे. जुनी, एका कडेने झिजलेली, तेलाने काळी पडलेली. वर्तकनगरच्या एका वसाहतीत, पहिल्या मजल्यावरच्या दारावर मी इतकी वर्षं होते की लोकांना मी चौकटीचाच भाग वाटायचे. एखाद्याची नजर वर गेलीच तर तो कपाळाला हात लावून आत शिरायचा. नालेला असा नमस्कार मिळतो. घोड्याला मिळाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

मी घडले ती शर्यतीसाठी. धावणाऱ्या घोड्याच्या पायात जड लोखंड घालत नाहीत. त्याची नाल हलक्या धातूची असते, ज्या धातूची तुमच्या घरात पातेली असतात त्याच. मी आणि माझ्या तीन बहिणी एका तांबूस घोडीच्या खुरांना ठोकल्या गेलो. कागदावर तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. तबेल्यातली माणसं मात्र तिला पैंजण म्हणायची, कारण ती फरशीवरून चालली की आम्ही चौघी किणकिणायचो. लोखंडाची नाल ठकठक करते. आम्ही वाजायचो.

पैंजण एक शर्यत जिंकली आणि बऱ्याच हरली. मग एका सकाळी सरावात तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली, आणि धावणं संपलं. हरलेल्या घोड्याला तसं कुणी सांगत नाही. तोबऱ्यातला चंदीचा खुराक कमी झाला की त्याला आपोआप कळतं.

तिचं नशीब असं की एका घोडदळाच्या रेजिमेंटने तिला मागून घेतलं. आता त्या रेजिमेंटची गंमत ऐका. फार पूर्वी तिथे शिलेदार असायचे, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारे. पुढे सगळे बारगीर झाले, म्हणजे घोडा सरकारचा आणि मांड आपली. मग रणगाडे आले आणि घोडे गेले. नावं मात्र कुणी बदलली नाहीत. रणगाडा चालवणारा साधा शिपाईसुद्धा तिथे सवारच म्हणवतो, वर दफेदार, त्याच्या वर रिसालदार. घोड्यावाचूनचे सवार. त्या गेलेल्या घोड्यांची आठवण म्हणून रेजिमेंटच्या वाढदिवसाला एक घोडी संचलनात सगळ्यांच्या पुढे चालायची, पाठीवर रिकामं खोगीर घेऊन. त्यासाठी पैंजण आली.

तिथल्या नालबंदाने आम्हाला उपटून काढलं आणि तिला लोखंडी नाला ठोकल्या. माझ्या बहिणी कुठे गेल्या, मला माहीत नाही. मला उचललं सवार तानाजीने. साताऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, रणगाड्याचा चालक. पैंजण रणगाड्यांच्या आवाजाला बुजायची, आणि हा तिच्या कानाशी लागून बैलाशी बोलावं तसं काहीबाही बोलायचा. म्हणून संचलनात तिचा लगाम त्याच्याच हाती दिला. तो पुढे, ती मागे, आणि त्यांच्या मागे धडधडत रणगाडे. तिच्या पाठीवर तो कधी बसला नाही. ते खोगीर रिकामंच ठेवायचं होतं.

मी त्याच्या पेटीत राहिले आणि त्याच्याबरोबर त्याच्या लग्नालाही गेले.

मुलगा सवार आहे, एवढंच मुलीकडच्यांना ठाऊक. त्यांनी हौसेने वरातीला घोडा आणला, चांगला उंच, काळाभोर. तानाजी जन्मात पहिल्यांदा घोड्यावर चढला. घोडा दोन पावलं पुढे गेला आणि गर्रकन मागे वळला. तानाजीने अयाळ धरली, मग मान धरली, मग शांतपणे खाली उतरला आणि लगाम हातात घेऊन मांडवापर्यंत चालत गेला. सासरे सगळ्यांना सांगत सुटले, "पलटणीतली रीत हाय ती. जावई मुक्या जिवाला तरास देत न्हाईत."

नव्या नवरीने, म्हणजे हौसाबाईने, पेटी उघडली आणि मी तिच्या हाती लागले. सवाराच्या पेटीत नाल, आणि वरातीचा घोडा काळा. तिने दोन्हींची सांगड घातली: ही काळ्या घोड्याची नाल. शनी घराकडे बघायचा नाही. तानाजी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. लष्करात हुकूम सुटला की प्रश्न विचारायचे नसतात, आणि हौसाबाईचं बोलणं पहिल्यापासून हुकमासारखंच.

पुढे पलटण सुटली, ठाण्यात एका कारखान्याच्या फाटकावर नोकरी लागली, आणि मी वर्तकनगरच्या दारावर आले. दर शनिवारी स्टुलावर चढून हौसाबाई मला तेल लावायची. मुलगा तापातून उठला, कारण मी. सून समजूतदार मिळाली, कारण मी. मी काहीच करत नव्हते. तेलाने काळी होत होते, एवढंच.

यंदा इमारत पाडायची ठरली. नवी होईपर्यंत भाड्याच्या घरात राहायचं, आणि तिथल्या मालकाने भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणून बजावलेलं. मग माझं काय करायचं? शेजारचा साईनाथ म्हणाला, "आजी, मला द्या. शीळफाट्याला मोबाईलचं दुकान टाकतोय. साडेसाती चालूए माझी."

हौसाबाईला ते जड गेलं, पण शब्द दिला. एका दुपारी साईनाथने खिळे उपटले, मला तळहातावर तोललं आणि म्हणाला, "आयला, एवढी हलकी?"

"पुण्याई हाय ती," हौसाबाई म्हणाली.

तेवढ्यात हौसाबाईची नात संचिता, दुसरीतली, फ्रिजवरचा आंब्याचा चुंबक घेऊन धावत आली. मी आता घर सोडून चालले म्हणून तिला मला सजवायचं होतं. तिने आंबा माझ्यावर चिकटवला. तो खाली पडला. पुन्हा चिकटवला, पुन्हा पडला.

साईनाथने तो चुंबक दाराच्या कडीला लावला. तिथे चिकटला. मग नखाने त्याने माझी तेलाची पुटं खरवडली. खालून पांढुरकी मी निघाले.

"आजी, ही लोखंडाची नाहीये. पातेल्याची आहे. शनीला लोखंड लागतं ना." त्याने मला अलगद स्टुलावर ठेवलं. "राहू द्या मग. मी दुसरी बघतो."

तो गेला. हौसाबाईने माझ्या खरवडलेल्या जागेवर बोट फिरवलं. मग ती आतल्या खोलीत जाऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, ही नाल ज्याची, त्यो काळा घोडा कुठला होता?"

तानाजीने पेपर खाली ठेवला. "घोडी होती. तांबडी."

"आन तुमी तिच्यावर बसून लढाईला..."

"मी रणगाडा चालवायचो, हौसा. घोड्यावर एकदाच बसलो. आपल्या वरातीत. बघितलंस की तू."

"म्हंजे इतकी वर्षं मी पातेल्याला तेल लावलं?"

हौसाबाईने बाहेर येऊन मला उचललं आणि भंगारवाल्यासाठी बांधलेल्या गाठोड्यात टाकलं, फुटका झारा आणि गंजल्या कढईच्या मध्ये. आवाज झाला. किण्.

तानाजी गुडघ्यावर हात टेकत उठला, गाठोड्याशी आला आणि त्याने मला बाहेर काढून पुन्हा झाऱ्यावर हलकंच वाजवलं. किण्. "अशी वाजायची," तो म्हणाला. "म्हणून पैंजण म्हणायचे तिला. लई भित्री. मी पुढं चाललो की मुकाट मागनं यायची. बाकी कुणाच्या हातात यायची न्हाई." एरवी ठाण्याचं शुद्ध बोलणारा तानाजी तेव्हा गावचं बोलत होता.

"आबा, मग तुम्ही तिच्यावर बसायचात का नाही?" संचिताने विचारलं.

"खोगिराची जागा रिकामी ठेवायची होती बाळा. माझी लगामाशी."

हौसाबाई पदराने हात पुसत राहिली. मग म्हणाली, "वरातीत बी असंच चालत आलता. मला वाटलं, माझ्यासाठी उतरला."

"पडू नये म्हणून उतरलो."

ती हसली. तोंड वळवून हसली, पण मला दिसलं.

मित्रांनो, आता मी कुठल्याच चौकटीवर नाही. भाड्याच्या घरात खिडकीच्या गजाला संचिताची निळी रिबीन बांधली आहे, तिला मी लटकते. शनिवारचं तेल बंद झालं. हौसाबाई मला ओल्या फडक्याने पुसते आणि पुसताना कधी कधी मुद्दाम गजावर वाजवते. "अहो, आली बघा तुमची घोडी," असं म्हणते. तानाजी पेपरातून मान वर करत नाही, पण पान उलटायचं थांबतो.

माझं एकच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी ती कशी वाजते, ते एकदा ऐकून बघा. मला इतकी वर्षं हात जोडले गेले, तेल मिळालं, मान मिळाला. पण खिळ्यांनी घट्ट धरलेली नाल वाजत नाही. आता वारा आला की मी वाजते, आणि या घरात एका माणसाला त्या आवाजामागे चार पाय ऐकू येतात.