टेबलांचं भाडं

व्यापार शिकवणाऱ्या बाईंनी नववीच्या मुलांना पटांगणात एक दिवस दुकानं थाटायला सांगितली. कुणी सरबत आणलं, कुणी कागदी फुलं. एक मुलगी मात्र हात हलवत आली. तिने आदल्या दिवशीच शाळेतली सगळी टेबलं मागून ठेवली होती आणि आता ती भाड्याने देत होती.

"अगं, ही काय लबाडी?" बाई कडाडल्या.

"गरज ओळखा, असं तुम्हीच शिकवलंत ना बाई?"

नाइलाजाने बाईंनी तिला पहिला नंबर दिला. सगळे गेल्यावर मात्र त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या शिकवणीला कुणी फिरकत नाही गं. काय करू?"

"सोपं आहे," ती म्हणाली. "वर्गात इतकं नीट समजावू नका."

बाई हसल्या. शेजारच्या वर्गावरच्या सरांची शिकवणी का ओसंडून वाहते, ते त्यांना तेव्हा कुठे उमगलं.