डब्यातलं पिवळं वार्निश

पनवेलच्या आमच्या कारखान्यात कोकमाचा रस डब्यांत भरायचे आणि मी तिथला मुकादम. सन अठ्ठावन्नपर्यंत त्या आंबट वासात माझी चौदा वर्षं गेली होती. इतकी वर्षं तेच ते सांगून मी सांगायचाच कंटाळा करू लागलो होतो.

म्हणून ओवे गावची जनी डबे धुवायला नवी लागली, तेव्हा मी एवढंच म्हणालो की डबे लख्ख पाहिजेत. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरची चूल तिच्याच कामावर पेटायची. तिने मन लावून डबे धुतले. आतला पिवळा थर तिला मळ वाटला. घरची भांडी घासावीत तशी राख आणि काथ्या घेऊन तिने तो खरवडून काढला. डबे आरशासारखे चमकले. मी वरवर पाहिलं आणि चारचौघींत तिला शाबासकी दिली.

दोन महिन्यांनी रस भरलेले ते डबे बाजारातून परत आले, फुगलेले. एक फोडला तर फुस्स आवाज झाला. आतला पत्रा काळा पडला होता, रसाला लोखंडाची चव आली होती.

शेठने सगळ्यांना उभं करून डबे कोणी घासले ते विचारलं. जनी पुढे झाली.

"मीच घासलं. मना मळ वाटला."

उद्यापासून येऊ नको, असं शेठने तिला सांगितलं. मग विचारलं, तपासले कोणी? गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण खोटं निभवायलाही अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता. मी पाहिले, शाबासकीही मीच दिली, तिला ठेवा, असं मी म्हणालो. शेठने मलाही काढलं. तरी तिला ठेवलं नाहीच.

जाण्यापूर्वी तो माल पुरायचं काम आम्हा दोघांवरच आलं. मी खड्डा खणला, ती डबे ओतत होती. मला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती.

"दादा, मंग त्यो पिवळा काय व्हता?"

मी सांगितलं. ते वार्निश. कोकमाचं आंबट पत्र्याला लागलं की पत्रा खातं, म्हणून मध्ये तो थर.

हे सांगायला एक डबा रिकामा होण्याइतकाही वेळ लागला नाही. जनी हातातल्या डब्यात बघत राहिली.

"येवढाच सांगायचा व्हता?"

"एवढंच," मी म्हणालो.