शेवटी येईल तो निवडेल

आमच्या चौघांचा एक नियम आहे. शर्यतीत आपल्यातला जो सगळ्यात शेवटी पोचेल, त्याने पुढची शर्यत निवडायची. हसू नका, आधी ऐका तर!

शर्यती म्हणजे खडीवरच्या सायकलच्या, ग्रॅव्हल रेस. डांबर संपतं ना, तिथून आमचं सुरू. जाड टायर, खिळखिळे दात आणि घरी येऊन आंघोळ केली तरी कानात धूळ. आसपास सीझनभर कुठे ना कुठे असतातच, पण आमच्याकडे व्हॅन एकच, काकांची. काका म्हणजे आमचे प्लंबर काका, सख्खे कुणाचेच नाहीत. त्यांना महिन्यातून एकच रविवार मोकळा मिळतो, म्हणजे महिन्याला एकच शर्यत, आणि ती चौघांनी मिळून ठरवायची. ठरवायची म्हणजे भांडायचं! काकांना पार्किंग जवळ हवं आणि स्टार्टपाशी संडास धड हवा, तिथे जाऊन ते आधी नळ सोडून बघतात. माझ्या वहिनीला वाटेत गरम सूप पाहिजे. रॉकेटला (पोहायला शिकवते ती, पायात मोटर बसवलेली) उड्या मारायला खड्डे पाहिजेत. आणि मला फक्त पोचायचं असतं.

नियम काकांनीच काढला होता. मी पहिल्या शर्यतीला इतकी मागे पडले की हे लोक कपडे बदलून, खाऊन, एक डुलकी काढून बसले होते. मी रडवेली. तर काका म्हणाले, "शेवटच्यालाही काहीतरी मिळायला पाहिजे बाबा. पुढची तू निवड." झालं! तेव्हापासून शेवटी मी, आणि निवडायचीही मीच. घरात मी शेंडेफळ, शर्यतीत पण शेंडेफळ.

आणि मी काय निवडायचे? सपाट. कालव्याकाठची, मग विमानतळामागची, मग तळ्याभोवतीची. इस्त्रीच्या टेबलावर जेवढा चढ असतो तेवढाच. रॉकेट म्हणायची, "मला आता स्वप्नातपण कालवा दिसतो." पण नियम तो नियम.

आता खरी गंमत. सीझनची शेवटची शर्यत उरली होती, आणि या वेळी मला सपाट नको होती. मला मनोऱ्याची हवी होती.

तुम्हाला माहितीये ना, मी चष्म्याच्या दुकानात आहे. नवा चष्मा लावला की गिऱ्हाइकाला दारापाशी नेते आणि विचारते, "समोरच्या डोंगरावर मनोरा दिसतो का? पट्टे कुठल्या रंगाचे?" दिवसभर हेच. एकदा एक आजोबा आले. नवीन चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "त्याला शिडी आहे का हो?" मी म्हटलं, "असेल." ते म्हणाले, "असेल काय? रोज लोकांना दाखवता ना?" मेलेच मी. खरंच की! जिथे आख्ख्या गावाची नजर नेते, तिथे मी स्वतः कधी गेलेच नव्हते. आणि मनोऱ्याची शर्यत बरोब्बर त्याच्या पायथ्याशी जाऊन वळते.

पण सांगितलं नाही मी कुणाला. एक तर सरप्राईज द्यायचं होतं, आणि दुसरं म्हणजे "मी डोंगर चढणार" म्हटलं असतं तर हे तिघं हसून हसून लोळले असते. फक्त एकीला सांगितलं होतं, झाडूगाडीवाल्या मावशींना. शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येते ना, थकलेल्यांना झाडून गोळा करते ती. विमानतळामागच्या वेळी मी तिच्यात बसून आले होते. मावशी गाडी चालवतात आणि कुणी बसलं की गप्पा मारतात. मग मी बडबडले सगळं, पण तेव्हा धीर झाला नाही आणि तळंच निवडलं.

तर, तळ्याभोवतीची शर्यत, म्हणजे शेवटच्या आधीची. सुरुवातीपासून काहीतरी विचित्रच. वळून बघते तर रॉकेट माझ्या मागे!

"अगं, तुला काय झालं?"

"सर्दी," ती म्हणाली. नाक कोरडं ठणठणीत.

पुढे काका उतरून चेन बघत होते. आम्ही पुढे गेलो, थोड्या वेळाने ते आले, आणि परत उतरून चेन बघायला लागले. खाण्याच्या टेबलापाशी वहिनी एक केळं असं खात होती जसं काही त्याची परीक्षा आहे. मी म्हटलं, "वहिनी, चल ना." ती म्हणाली, "तू हो पुढे, मी चावून खाते."

चावून! माझी वहिनी! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि प्लंबरच त्यात सामील होता. या तिघांनाही शेवटी यायचं होतं! सपाट शर्यतींना कंटाळले होते आणि शेवटची निवड माझ्या हातून काढून घ्यायची होती. बरं, तिघांची युती असती तरी ठीक. तिघांनाही वेगवेगळी हवी! रॉकेटला खाणीतली, काकांना पार्किंगवाली, वहिनीला सूपवाली.

आयुष्यात पहिल्यांदा मला शेवटी यायचं होतं, म्हणजे ठरवून, आणि पहिल्यांदाच त्यात स्पर्धा!

मीपण ब्रेक दाबला. मग काय, चौघं गोगलगायी! शर्यतीतली बाकीची माणसं शेजारून जाताना विचारायची, "काही मदत हवी का?" शेवटी तर समोर कमान दिसते आहे, रेघ दिसते आहे, आणि आम्ही चौघं ओळीने उभे. रॉकेट जागच्या जागी तोल सांभाळतेय, वहिनी एक पाय टेकून केस बांधतेय.

"मला मनोऱ्याची घ्यायची आहे!" मी ओरडले. "सपाट नाही! शपथ!"

"हो का?" काका म्हणाले. "आणि मी उद्यापासून गळके नळ लावणार आहे."

"वहिनी, तू तरी!"

"अगं, मागच्या वेळी पण म्हणालीस, 'या वेळी वेगळी.' आणि वेगळं काय, तर विमानतळाऐवजी तळं!"

कमानीखालचा माईकवाला म्हणत होता, "आणि आता येत आहेत... थांबा, येत नाहीयेत. हे चौघं उभे का आहेत, कुणी सांगेल का?" लोक जमले. तेवढ्यात रॉकेटचा तोल गेला आणि ती धाडकन काकांवर, काका वहिनीवर. मी एकटी उभी, आणि मागून पॉं पॉं!

झाडूगाडी.

मावशींनी काच खाली केली. "हलता का? की चौघांना आत घेऊ? गाडीत बसलात तर निकालात नाव नाही, माहितीये ना?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. नियम, शेवटचा, निवड, खाण, सूप. मावशी शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे सगळ्यात शेवटी जो ती रेघ ओलांडेल, तो शर्यत निवडणार?"

"हो!" चौघंही.

"पक्कं?"

"पक्कं!" काका छाती काढून म्हणाले. "माझाच नियम आहे."

"मग निघा पुढे," मावशी म्हणाल्या. "तुमच्या मागे मी आहे."

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग वहिनी खो खो हसायला लागली आणि काकांचा चेहरा, अरे काय सांगू, चालू नळाखालची बादली कुणी काढून घ्यावी तसा!

गाडी इतकी चिकटून आली की हलावंच लागलं. चौघांनी एका ओळीत रेघ ओलांडली. मागून मावशींनी सावकाश, अगदी ऐटीत गाडी आणली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या. मी मनात म्हटलं, यांना कुठली आवडत असेल?

"मनोऱ्याची," मावशी म्हणाल्या.

मी किंचाळले. माईकवाला दचकला.

"या पोरीने मागे माझं डोकं खाल्लं होतं त्या मनोऱ्यावरून," मावशी म्हणाल्या. "आणि मलाही सपाट रस्त्याचा वीट आलाय. दिवसभर पहिल्या गिअरमध्ये! झोप लागते मला."

तिघं माझ्याकडे वळले. "म्हणजे तुला खरंच तीच हवी होती?"

"ओरडून सांगितलं ना!"

"असं ओरडून सांगितलेलं खरं कोण मानतं!" काका म्हणाले. आणि तिथेच, व्हॅनच्या पायरीवर बसून त्यांनी फोनवर चौघांची नावं भरली.

गेलो मग. चढ? चढ नाही, भिंत होती ती! अर्धा रस्ता मी सायकलला नेलं, तिने मला नाही. पण कुणी पुढे पळालं नाही. रॉकेटसुद्धा वळणावर थांबून शिव्या घालत होती, मला नाही, डोंगराला. मागे मावशींची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गात होती. आणि मनोरा आला. केवढा जाड असतो तो! मी त्याला हात लावला, पूर्ण फेरी मारली, आणि वळून गाव बघितलं तर नुसता ठिपका. मी म्हटलं, "आपलं दुकान दिसेना." रॉकेट म्हणाली, "चष्मा लाव."

शेवटी कोण आलं? मीच हो! (काकांनी नियमात आता 'आपल्यातला' घातलंय, म्हणून मावशी धरायच्या नाहीत.) उतारावर ब्रेक सोडवेना. पुढच्या सीझनची पहिली शर्यत मी निवडणार, आणि तिघं आतापासून मला चहा पाजतायत.

आणि काल ते आजोबा परत आले, काच बदलायला. मी त्यांना दारापाशी नेलं. म्हटलं, "मनोरा दिसतो?"

"दिसतो की."

"शिडी दिसते?"

डोळे बारीक करून बघितलं त्यांनी. "नाही बुवा."

"बरोबर," मी म्हटलं. "ती मागच्या बाजूला आहे."