ब्रेकला पाय न लावणारे दाजी

“तो खटका बंद करा, दाजी,” मी म्हणालो. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रस्ता उताराचा होता, नुकताच पाऊस पडून गेलेला, आणि सिमेंटची पोती उतरवून आमचा ट्रक रिकामा परत चालला होता. स्टिअरिंगखालचा इंजिन ब्रेकचा खटका चालू होता आणि इंजिन घशातल्या घशात गुरगुरत होतं. भरल्या गाडीला हा ब्रेक म्हणजे मोठा आधार. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच चाकांना धरून ठेवतं. पायाचा ब्रेक तापत नाही आणि ऐन वळणावर दगा देत नाही. पण हा सगळा जोर येतो फक्त मागच्या चाकांवर. गाडी रिकामी आणि रस्ता ओला असला की त्या चाकांना पकड राहत नाही, ती घसरतात. अशा वेळी खटका बंद ठेवायचा, खालच्या गिअरमध्ये सावकाश जायचं आणि पायानं हलका हलका ब्रेक लावायचा. हे मला दाजींनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी दाजी म्हणतो म्हणून ट्रकच्या यार्डातले सगळेच त्यांना तसं म्हणायला लागले, अगदी फाटकावरचा म्हातारा वॉचमनसुद्धा. एवढे मेव्हणे हुंड्यात मागितले नव्हते, असं ते म्हणायचे. गाडीवर आम्ही दोघं. गाव आलं की ते स्टिअरिंग माझ्याकडे द्यायचे. गर्दीचा कंटाळा येतो म्हणायचे आणि मागच्या बाकड्यावर जाऊन आडवे व्हायचे. उतार मात्र त्यांचेच. माथ्यावरच गिअर खाली घ्यायचा, खटका चालू करायचा आणि भरला ट्रक ब्रेकला पाय न लावता पायथ्याला आणायचा, ही त्यांची ख्याती. यांच्या गाडीच्या ब्रेकचं लायनर झिजतच नाही, असं गॅरेजचा मिस्त्री चारचौघांत सांगायचा. मला त्याचा फार अभिमान होता. नवा कोणी भेटला की मी आधी तेच ऐकवायचो.

वळणावर गाडीची शेपूट सुटली. मागचा भाग सरकत सरकत कठड्याकडे निघाला. मी हात लांब करून खटका बंद केला. चाकं मोकळी झाली, गाडी सरळ झाली, पण तिला धरून ठेवणारा जोरही गेला आणि वेग वाढायला लागला.

“पाय लावा,” मी म्हणालो.

तेव्हा दाजींनी रस्त्यावरची नजर काढली आणि खाली बघितलं. आपला पाय कुठे आहे ते बघितलं. मग तो उचलून ब्रेकवर ठेवला, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा.

ट्रक पुढे रस्त्याच्या कडेला, मातीत थांबला. भीती ओसरली तसा मला राग आला, आणि ताईच्या लग्नापासून ज्यांना कधी उलट बोललो नव्हतो त्यांना मी वाटेल ते बोललो. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग वाकून उजव्या पायातला बूट काढला. तळातून एक बारीक खिळा आत घुसला होता. मोजा रक्तानं भिजून टाचेला चिकटला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

“दुखत नाही?” मी विचारलं.

“दुखलं असतं तर बरं झालं असतं.”

मग त्यांनी सांगितलं. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे झालंय, आता गाडी बंद करा. दाजींनी डॉक्टरच बंद केला. उतारावर त्यांचं निभत होतं, कारण तिथं खटका होता. गावांचा कंटाळा कशाचा, ते मला आत्ता कळलं. ज्या गोष्टीवर मी जगभर मिरवत होतो ती त्यांनी नाइलाजानं धरलेली काठी होती. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यांची कीव आली याची त्याहून जास्त.

“उताराची भीती नाही रे मला,” ते म्हणाले. “सपाटीची वाटते. खटका गाडी हळू करतो, थांबवत नाही. थांबायला पायच लागतो.”

त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं.

“मागं तू तापानं पडला होतास ना, तेव्हा गावातून मीच आणली गाडी. शाळेसमोर एक मुलगी रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला.” त्यांनी हातातल्या बुटाचा तळ चाचपला. “ती मागे सरली म्हणून. मी काहीच केलं नाही. तीच सरली.”

मला वाटत होतं, त्यांनी आपणहून म्हणावं. ते म्हणेनात, तेव्हा मीच म्हणालो, “दाजी, आता नाही चालवायची.”

“तुझ्या ताईला काय सांगशील?”

“तुम्हीच सांगा. मी शेजारी बसतो.”

“सांगेन. पण दिवसभर घरात बसून करू काय मी?”

मी पाण्याच्या बाटलीनं त्यांची टाच धुतली, रुमाल बांधला. ते माझ्या हातांकडे बघत होते; त्यांना फक्त दिसत होतं, कळत काहीच नव्हतं. मग त्यांनी बूट हातात घेतला आणि खाली उतरले. मी सरकून स्टिअरिंगवर बसलो.

मागे जाऊन पडा, असं मी म्हणालो होतो. ते नको म्हणाले. उताराला जागं असलेलं बरं, म्हणाले. ट्रकला पुढून वळसा घालून ते दुसऱ्या बाजूनं चढले आणि दार ओढलं. ते लागलं नाही. पुन्हा ओढलं, मग जोरानं आपटलं. त्या दाराचं बिजागर कधीचं उतरलंय. ते जरा वर उचलून लावावं लागतं. इतकी वर्षं दाजी एक तर स्टिअरिंगवर असायचे, नाही तर मागे झोपलेले. ही बाजू त्यांना माहीतच नव्हती.

मी त्यांच्यावरून हात लांब केला, दार उचललं आणि लावून घेतलं.