भुऱ्याची दाढ

लहानू मेश्राम रात्रपाळी करून घरी आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि त्याच्या दारासमोर पंधरा-वीस माणसं उभी होती. खापरखेड्याच्या पावर हाऊसमध्ये तो कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होता. कामावरचा जोडीदार आजारी पडल्यापासून दोन महिने त्याच्या वाट्याला जादा पाळ्या येत होत्या. डोळ्यांत कोळशाची भुकटी, अंगात झोप. गर्दी पाहून त्याला आधी वाटलं, कोणी तरी गेलं.

"तुहा कुत्रा प्रयागबाईले चावला गा," मार्तंड म्हणाला. मार्तंड कॉलनीतल्या पुढच्या ओळीत राहणारा फिटर. त्याच्या हातात लोखंडी सळई होती. "पिसाळला तो. तोंडातून लाळ गळून राहिली, रक्ताची. तुही बायको दारातून हटून नाही राहिली. तू सांग तिले."

लहानूची बायको कांताबाई न्हाणीच्या दाराला पाठ लावून उभी होती. आत भुऱ्याला कोंडलं होतं. प्रयागबाई ओट्यावर बसली होती, उजव्या हाताच्या जखमेत कोणी तरी तिखट भरलेलं. साठीची बाई, एकटी, कॉलनीच्या फाटकाशी भाजी विकायची. रोज सकाळी रात्रीची भाकर भुऱ्याला घालायचा तिचा नेम होता. आज त्यानं तुकडा तोंडात घेतला आणि टाकून दिला. काय झालं म्हणून तिनं माया करत त्याचं तोंड वर केलं, बोट गालाला लागलं, आणि त्यानं मनगटाच्या वर दात रुतवले. सात वर्षांत तो कोणावर साधा गुरगुरला नव्हता.

लहानूनं काही विचार केला नाही. विचार करायला ताकद हवी. तो म्हणाला, "आधी मावशीले दवाखान्यात नेतो. तवरिक त्याले कोणी हात लावू नका."

कॉलनीतल्या डॉक्टरांनी तिखट धुऊन काढलं, जखम साबणानं बराच वेळ धुतली. मग म्हणाले, "चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील, पोटात, रोज एक. नागपूरला मोठ्या दवाखान्यात. आणि कुत्र्याला मारू नका. बांधून ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला तर तो पिसाळलेला नव्हता, मग सुया थांबवता येतील. मेला किंवा मारला, तर चौदाच्या चौदा."

परत येऊन सांगितल्यावर मार्तंडाला हे पटलं नाही. "दहा दिवस त्याले सांभाळन कोण?"

"मी," लहानू म्हणाला.

त्याच दुपारी, डोळ्याला डोळा न लागता, त्यानं भुऱ्याला फळ्यांच्या खोक्यात घातलं आणि ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर नागपूरला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. घाटे डॉक्टर निवृत्तीला आलेले, तेही दमलेले दिसत होते. त्यांनी खोक्यात पाण्याचं भांडं सरकवलं. भुऱ्यानं मान तिरपी करून, एका बाजूनंच, थोडं पाणी चाटलं.

"पाणी पितो. बरं लक्षण आहे, पण एवढ्यावरून खात्री देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी लांब काडीनं फटीतून त्याचा ओठ उचलला. "इकडे ये. बघ."

लहानूनं वाकून पाहिलं. दात दिसतच नव्हते. हिरडीपासून खाली पिवळा-तपकिरी दगड चढला होता, कडेला रक्त आणि पू. उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज.

"हे कीट. खाल्लेलं दातावर राहतं, त्याचा थर बसतो, थराचा दगड होतो. दगडाखाली हिरडी सडते. या वरच्या दाढेचं मूळ थेट डोळ्याखाली जातं, तिथे पू साठलाय. हात लागला तर माणूससुद्धा चावेल. तोंडाला वास कधीपासून येतो?"

"दिवाळीपासून."

आता होळी तोंडावर आली होती.

"मग काय केलंस?"

"बाहेर झोपवाले लागलो त्याले," लहानू म्हणाला. "घरात वास सहन नाही होत होता."

डॉक्टरांनी ओठ सोडला आणि काडी पुसली.  लहानू म्हणाला, "काढून टाका ना साहेब ते दाढ."

"आज नाही. शंका आहे तोवर मी त्याच्या तोंडात हात घालणार नाही, माझ्या कंपाउंडरलाही घालू देणार नाही. पेनिसिलिन देतो. दहा दिवस त्याला जगव. मग घेऊन ये."

ते दहा दिवस लहानूच्या आयुष्यातून कसे गेले हे त्यालाही नीट आठवत नसे. सकाळी पाळी सुटली की प्रयागबाईला घेऊन आठची बस. दवाखान्याची रांग. ती आत गेली की तो बाकावर बसल्या बसल्या झोपे, आणि ती बाहेर आली की खांद्याला हात लावून उठवी. दुपारी घरी येऊन भुऱ्यासाठी भाताची पेज. लांब बांबूला पळी बांधून ती न्हाणीच्या खिडकीतून आत सोडायची. अर्धी सांडायची. मग तीन तास झोप, मग पुन्हा पाळी.

पहिले तीन दिवस प्रयागबाई त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बसमध्ये पोटावर हात धरून म्हणाली, "लहानू, तो मरन तर माह्या अजून धा सुया."

"नाही मरू देत मी, मावशी."

"मले त्याचा राग येऊन राहिला अन तो जगावा असंबी वाटून राहिलं. काय करावं माणसानं?"

 लहानूला फक्त झोप येत होती, आणि त्याची लाज वाटत होती.

सहाव्या दिवशी भुऱ्यानं पेजेकडे पाहिलंच नाही. सातव्या दिवशीही नाही. तो भिंतीला तोंड लावून पडला होता, पोट आत गेलेलं. मार्तंड सांजेला आला, खिडकीतून डोकावला आणि या वेळी सळई न आणता, हळू आवाजात म्हणाला, "त्याचे हाल करून राहिला तू. सोडव त्याले."

"तो मेला तर मावशीचं काय?"

मार्तंड खिडकीपासून मागे झाला आणि गेला. कांताबाई म्हणाली, "तुमी जा कामावर. मी पाहतो." रात्रभर पट्ट्यावरून कोळसा जात राहिला आणि लहानू फावडं चालवत राहिला. घरी जाऊन काय दिसेल याचा विचार त्यानं मुद्दाम केला नाही.

सकाळी कांताबाईनं त्याला दारातच गाठलं. डोळ्याखालची सूज रात्री फुटली होती. न्हाणीत पुवाची अशी घाण की उभं राहवेना. पण ठणका उतरला होता. भुऱ्यानं मान उचलली आणि पळीतली पेज चाटली; एक पळी, मग दुसरी. लहानू तिथेच, ओल्या फरशीवर, खिडकीखाली बसला आणि बसल्या जागी झोपला. कांताबाईनं त्या दिवशी प्रयागबाईला स्वतः नेलं.

अकराव्या दिवशी कुत्रा जिवंत होता. लहानूनं त्याला खोक्यात घालून प्रयागबाईबरोबरच ट्रकनं नागपूरला आणलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचा कागद पाहिला, भुऱ्याची विचारपूस केली आणि सुया थांबवल्या. प्रयागबाईच्या पोटात दहा गेल्या होत्या. तिथून ती घरी जाईना. "मले पाहाचं आहे," म्हणाली, "काय होतं त्याच्या तोंडात ते."

घाटे डॉक्टरांनी भुऱ्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, तोंडात लाकडाचा तुकडा अडकवला. लोखंडी आकडीनं ते दगड खरवडू लागले तेव्हा खारट पाण्याच्या हंड्याच्या बुडाला थर बसतो तसे खपले निघून ताटलीत पडले. त्याखालची दाढ डॉक्टरांच्या बोटानंच हलली. ती निघाली, मग तिच्या शेजारच्या दोन, मग पुढचे. सगळे मिळून आठ दात. कंपाउंडर रक्त टिपत होता. 

प्रयागबाईनं पट्टी बांधलेल्या हातानं ताटलीतला एक खपला उचलून पाहिला. "एवढं घेऊन फिरत होता," ती म्हणाली. "अन मी रोज त्याले सुकी भाकर टाकत होती."

"मावशी, वास तर मले येत होता."

तिनं खपला ताटलीत परत ठेवला. 

निघताना डॉक्टरांनी सांगितलं, उरलेले दात आठवड्यातून दोनदा जाड्या कापडानं, मिठाच्या पाण्यात भिजवून, चोळायचे. नाही तर कीट पुन्हा चढेल. लहानूनं मान हलवली. ट्रकमध्ये भुऱ्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, जीभ बाहेर लोंबलेली. वाटेवरची कोराडी यायच्या आधीच लहानूला झोप लागली. सांजेला पुन्हा पाळी होती.

भुऱ्या त्यानंतर दोन पावसाळे जगला. दूधभात खायचा, घरात झोपायचा. प्रयागबाईची करंगळी शेवटपर्यंत पुरी मिटली नाही. त्या हातानं तराजू धरता येत नसे म्हणून ती डाव्या हातानं तोलायला शिकली. भुऱ्याला तिनं पुन्हा हात लावला नाही. लहानू सुट्टीच्या दिवशी कापड घेऊन त्याचे दात चोळायचा. सुट्टी मिळाली नाही की राहून जायचं, आणि मग कामावर उभ्या उभ्या त्याला एकदम आठवायचं की या आठवड्यातही राहिलं.