काठावरचं जग

दुपारी चष्म्याच्या दुकानात उन्हाची तिरीप यायची आणि भिंतीवरच्या साऱ्या काचा एकदम जाग्या व्हायच्या. त्या उजेडात दुकान पाण्याखाली गेल्यासारखं वाटे. दुकानदाराची लेक शाळेतून थेट तिथेच येई, आणि येताना न चुकता फ्रेमच्या स्टँडला धडके.

"आल्या आमच्या धडकबाई," दुकानदार म्हणे. गिऱ्हाइकं हसत. तीही हसे.

घरीही तेच. ताटाशेजारचा पेला कलंडे, चौकटीला खांदा आपटे. कुणी शेजारी येऊन उभं राहिलं तरी हिला पत्ता नसतो, असं शाळेतून कळवलं गेलं. हिला नीट दिसत नसावं, असं आईला वाटू लागलं. दुकानदाराने ते हसण्यावारी नेलं. त्याचा उभा जन्म लोकांचे नंबर काढण्यात गेला होता. त्याने मुलीला खुर्चीत बसवलं आणि एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. मुंगीएवढ्या अक्षरांची शेवटची ओळही तिने घडाघडा वाचली. डोळे घारीचे आहेत, फक्त लक्ष नाही, असा त्याने निकाल देऊन टाकला. मग ती धडकली की बोलणी खाई, तक्ता वाचून दाखवी आणि आणखी बोलणी खाई.

एके दुपारी काउंटरवर हनुवटी टेकून ती म्हणाली, "बाबा, आपल्या दुकानाला पूर्वी बाजूच्या भिंती होत्या ना?"

"आहेत की. कुठे जातायत?"

"मी वळले की येतात. नाही वळले तर नसतात."

काच पुसणारा त्याचा हात थांबला. त्याने तिला एक डोळा झाकायला सांगितलं. समोर माझ्या नाकाकडे बघ, म्हणाला, आणि एक लाल फ्रेम बाजूने हळूहळू आत आणली. फ्रेम कानापासून निघाली, गालापाशी आली, पुढे सरकत राहिली. मुलगी गप्पच. फ्रेम पार त्याच्या नाकासमोर आली तेव्हा ती म्हणाली, "आत्ता दिसली." दुसऱ्या डोळ्याचंही तेच! त्याचा तक्ता इतकी वर्षं फक्त समोरचं विचारत आला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, त्याच्या जुन्या ओळखीच्या. त्यांनी डोळ्याच्या आत पाहिलं, नस फिकट पडली आहे म्हणाल्या, आणि डोक्याचा एमआरआय करायला सांगितला. दुकानदार हटून बसला. तक्रार डोळ्याची, डोक्याचं चित्र कशाला? एवढ्याशा पोरीला त्या यंत्रात घालायचं, आणि लोक उगाच तिच्या डोक्यात बिघाड आहे म्हणतील. खरं तर तो घाबरला होता.

बाईंनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही खिडकीची काच तपासलीत. काच स्वच्छच आहे. पण उजेडाची वाट पुढे आत जाते हो, मेंदूपर्यंत. ती वाट कुणी अडवली असेल तर काच पुसून काय होणार? आणि पोरीने सांगितलं नाही असं म्हणू नका. रोज स्टँडला धडकून सांगत होती."

यंत्राची ठकठक बराच वेळ चालली. मग पडद्यावर करड्या रंगाचे थर एकामागून एक उलगडले, चांदण्यातल्या एखाद्या गावासारखे. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. दोन्ही डोळ्यांच्या नसा दोन ओढ्यांसारख्या वाहत येऊन एके जागी भेटत होत्या, आणि तिथेच एक गोल, शुभ्र थेंब त्यांना दाबत बसला होता. पाण्याने भरलेली गाठ. बाजूंचं दाखवणारे धागे नेमके तिथेच एकमेकांना ओलांडतात. दुकानदाराने स्वतःचा चष्मा काढला आणि पुसतच राहिला.

गाठ काढली गेली. उजवीकडचं जग बरंचसं परतलं. डावीकडचा काठ धुकटच राहिला, तो राहणारच होता; तिथल्या धाग्यांवर दाब फार दिवस पडला होता. आधी का आणलं नाही, असं बाईंनी विचारलं नाही. तेच त्याला जड गेलं.

आता तक्ता वाचून झाला, की तो प्रत्येक मुलाला नाकाकडे बघायला सांगतो आणि दोन्ही बाजूंनी बोटं आत आणतो. धडकबाई हे नाव त्या दुकानात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

असं एखादं नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असतं. वेंधळी, धांदरट, ढ. ते ठेवताना आपण हसतो, आणि मुलंही आपल्याबरोबर हसतात. नाव ठेवण्याआधी शेजारी बसून एकदा विचारावं, बाळा, तुला काय दिसतं? उत्तर कळलं नाही, तर कळेपर्यंत शोधावं, आणि यंत्राच्या भीतीने मागे फिरू नये.

दुपारची तिरीप परवाही आली. मुलगी समोर बघत बसली होती. मान न वळवता म्हणाली, "बाबा, एक भिंत आली."